मोटारीतली शेगडी

मला बढाया मारायची खोड होती, ती अजूनही गेलेली नाही. पण आमच्या मोटारीत शेगडी आहे ही जी बढाई मी मारली, ती खरी होती. निदान मारली तेव्हा तरी खरी आहे असंच मला वाटत होतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी बारामतीच्या एका ऊसवाल्या बागायतदाराची मोटार चालवत होतो. मालकांनी ती मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. साहेबानं ती कुठल्याशा थंड डोंगरावर वापरलेली. पुढच्या बैठकीसमोर, पायांच्या जरा वर, तेलाच्या डब्याएवढी एक काळी पेटी होती. इंजिनातलं तापलेलं पाणी एका रबरी नळीनं तिच्यात यायचं, आतल्या बारीक नळ्यांच्या जाळीतून फिरून दुसऱ्या नळीनं परत जायचं, आणि मागचा छोटा पंखा त्या जाळीतून ऊन वारा आपल्या अंगावर सोडायचा. बारामतीत या शेगडीचा उपयोग शून्य. तरी मालक भर वैशाखात पाहुण्यांना मोटारीत बसवून ती मला चालू करायला लावायचे, आणि पाहुणे घाम पुसत वा वा म्हणायचे.

त्या साली माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, इंदापूरला गेली. मुलगी झाली. बारशाला मी तिला दहा मिनिटं मांडीवर घेतलं, तेवढंच. तीन महिने झाले तरी सासूबाई मायलेकींना पाठवायला तयार होईनात. आधी दिवस बरा नव्हता, मग पोरीला पडसं झालं, मग थंडी पडली. "थंडी सरल्याबिगर लेकराला वारं दावायचं न्हाय," असा निरोप आला. मी कासावीस झालो होतो. घरात नवा पाळणा टांगून ठेवला होता आणि रिकामा पाळणा हलवू नये म्हणून त्याला वळसा घालून चालत होतो.

मग मी उलट निरोप धाडला, की आमच्या मोटारीत शेगडी हाय, वारं लागायचा सवालच न्हाय. त्यावर त्यांचा निरोप आला: शेगडी ऊन लागली तर खुशाल न्या, न्हाय लागली तर होळी झाल्यावर या. मालकांनी हसत हसत एक दिवसाकरता मोटार दिली.

मार्गशीर्षातली सकाळ होती. बारामती मागे पडल्यावर मी ऐटीत शेगडीचा पंखा सुरू केला. वारा आला तो गार. म्हटलं, इंजिन तापू दे. इंजिन तापलं, अर्धा रस्ता सरला, आणि मला हुडहुडी भरली. मी मोटारीला शिव्या घातल्या, साहेबाला घातल्या, साहेबाच्या मुलखालाही घातल्या. शेवटी पंखा बंद केला तेव्हा कुठं जरा बरं वाटलं, यावरून काय ते समजा.

सासुरवाडी इंदापूरच्या बाहेर मळ्यात. सासरे वांग्यांची गाडी घेऊन बाजाराला गेले होते. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. जावयाचा मान म्हणून पदर पुढे ओढून त्या लेकीला सांगायच्या आणि लेकीनं मला सांगायचं, मी तीन हातांवर उभा असलो तरी. मी मोटार अंगणात आणून पंखा सुरू केला. त्या दारातून वाकल्या आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं उघडं कोपर पेटीपुढे धरलं.

"पाव्हण्यांस्नी म्हणावं, ह्यो तर निस्ता पंखा हाय," त्या लेकीला म्हणाल्या. "उन्हाळ्यात आणा म्हणावं."

बायको ओठ चावून हसू आवरत होती, पण तिचे डोळे भरलेले होते. तिचं बोचकं सकाळपासून बांधून उंबऱ्याशी ठेवलेलं मला दिसलं. माझा पारा चढला. "हिला ऊन केल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय," असं म्हणून मी बाह्या सारल्या.

पेटीकडं जाणाऱ्या पाण्याची तोटी बघितली, ती उघडी होती. फडक्यानं धरून रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी काठोकाठ आणि वाफाळतं. पंखा तर फिरतच होता. मग दोन्ही रबरी नळ्यांना हात लावला. येणाऱ्या नळीनं हात पोळला, जाणारी थंडगार. म्हणजे पाणी पेटीपर्यंत येऊन अडत होतं. इंजिन निवू दिलं, पेटी सोडवून अंगणात आणली आणि उलटी केली. नळीच्या तोंडातून पिवळा चिखल ओघळला.

माझा चेहरा पडला. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून येताना रेडिएटर गळायला लागला होता. लॉरीवाले करायचे तेच मी केलं, वाटेतल्या दुकानातून हळद घेऊन आत टाकली. ती फुगून बारीक भोक बुजवते. गळती थांबली आणि डाख न लावता रेडिएटर दुरुस्त केला म्हणून मी मालकांपुढं मिरवलो. एक मूठ पुरली असती. मी तीन टाकल्या होत्या, आणि उरलेल्या हळदीनं शेगडीच्या नळ्या लिंपून टाकल्या होत्या.

सासूबाईंनी चिखलाला बोट लावून वास घेतला. "अगं बया, ही हळद हाय!" मग लेकीला मधे न घेता त्यांनी सरळ मलाच विचारलं, "मोटारीला हळद कुणी घातली?"

"मीच, मामी."

"कशापायी?"

"गळत हुती."

त्या हसायला लागल्या आणि थांबेचनात. पदर डोक्यावरून खाली आला तरी भान नाही. बायको हसली, मीही हसलो, आणि सकाळपासूनचा माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"आणा हिकडं," त्या म्हणाल्या. चुलीवर बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी उकळत होतं. न्हाणीच्या दगडाशी त्या पाय लांब करून बसल्या, पायांवर पोत्याची जाड घडी टाकली, रोज नातीला घेतात तशी पेटी आडवी घेतली आणि तांब्यानं कढत पाणी ओतायला लागल्या. दुसऱ्या तोंडातून थेंब येईना. मी तार खुपसायला गेलो तर त्यांनी माझा हात झटकला. "जाळी फाटंल. पितळ हाय ते, दिसत न्हाय व्हय?" पितळेचं काय करायचं ते त्यांना माझ्यापेक्षा ठाऊक होतं. त्यांनी चिंच कोळली, कढत पाण्यात घातली आणि ते आत भरून जरा वेळ मुरू दिलं. मग चुलीजवळची फुंकणी आणवली, तिचं टोक नळीच्या तोंडाला लावून भोवती ओलं फडकं आवळलं.

आधी मी फुंकलं. डोळे पांढरे व्हायची वेळ आली, आत काही हललं नाही.

"सरका," त्या म्हणाल्या. तीस वर्षं ओल्या सरपणावर फुंकर मारलेली बाई ती. तिसऱ्या फुंकरीला पिवळा गोळा फाटकन बाहेर पडला तो माझ्या धुवट सदऱ्यावर. पाठोपाठ पाणी धो धो वाहिलं. आम्ही तिघंही एकदम ओरडलो आणि आत निजलेली पोर रडत उठली.

पेटी जागेवर बसवली. पहिल्यांदा वारा पुन्हा गारच, कारण आत हवा अडकली होती. वरची नळी सैल करून बुडबुडे जाऊ दिले, पाणी भरलं, इंजिन तापवलं. आणि चिंचेच्या वासाचा चांगला ऊन वारा पायांवर आला. मला नाचावंसं वाटलं.

सासूबाईंनी पुन्हा कोपर धरलं. या वेळी बराच वेळ धरून ठेवलं. बायको बाळाला कुंची बांधून मागं उभी होती. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या स्वस्थ बसल्या असत्या तर नात होळीपर्यंत त्यांच्याच पायांवर न्हायली असती. माझ्याच्यानं ती पेटी मोकळी होणार नव्हती, आणि हे त्यांना चांगलं दिसत होतं. मला गलबलून आलं.

"मामी," मी म्हणालो, "गार लागत असंल तर तसं सांगा. आठ दिवसांनी परत येतो." मी ते मनापासून म्हणालो, आणि त्यांनी हो म्हणू नये म्हणून त्याच दमात देवाचा धावाही केला.

त्यांनी कोपर काढून पदरानं पुसलं. "खोटं कशाला बोलू? ऊन हाय. न्या."

मायलेकी आत बसल्या. बायकोनं उघड्या दारातून आईचा हात धरला तो सोडेना, आणि सोड म्हणायचा धीर मला होईना. सासूबाईंनी आपणच हात सोडवून घेतला, नातीची कुंची कानांवर नीट ओढली आणि दार लावलं. बायकोनं काच खाली करून पुन्हा हात बाहेर काढला.

"काच वर घ्यायला सांगा तिला, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ऊब जातीया."