जुळ्या भावांचं नाटक आन आमचे नाना

लेकीला न्हाऊ घालत व्हते तवा ह्यांचा फोन आला. हात साबनाचे, फोन खांद्यानं कानाला दाबून धरला, तर हे म्हनले, "नाना गेले." म्या म्हनलं, कुठं गेले, सकाळीच तर धाराशिवला तपासायला नेलंय तुमी... आन मंग कळलं. लेक हातातनं निसटाया लागली तशी तिला घट्ट धरली आन तिथंच मोरीत बसून ऱ्हायले.

नाना म्हंजे माझे चुलत सासरे. ढोकीच्या कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर व्हते, रिटायर झालते, शेजारच्याच खोलीत एकटे ऱ्हायचे. आमचे हे हंगामात ट्रॅक्टरवर, घरी म्या आन लेक. लेकीला एकदा तापात झटके आले, डोळे पांढरे केले तिनं, आन माझे पायच हलंनात. नानांनी तिला कुशीवर केली, रस्त्यावरची गाडी थांबवून दवाखान्यात नेली. तवापासून तिच्यासंगट एकटं ऱ्हायाचं मला लई भ्या वाटतं. नानांना न सांगता कळलं. ते रोज दुपारी आमच्या वट्यावर येऊन बसाया लागले. नाना गेल्यावर हे म्हनले, भूमला माहेरी जा, भाऊ न्यायला येईल. जावं का ऱ्हावं, हेच डोस्क्यात फिरत व्हतं.

वट्यावर नाना एकाच नाटकाचं बोलायचे. इंग्रजांच्या कुन्या लई मोठ्या नाटककाराचं, गावातल्या मास्तरानं मराठीत करून दिलेलं. दोन जुळे भाऊ, लहानपनी ताटातूट झालेली, मोठेपनी एकाच गावात येतेत, एकमेकाचं म्हाईत न्हाय, आन एकाची बायको दुसऱ्यालाच नवरा समजून घरी जेवायला नेते. गावच्या जत्रंत हे नाटक व्हायचं, त्यात नाना पावना भाऊ व्हायचे आन काट्यावरचे त्यांचे दोस्त रहीमभाई नवरा. नाना काळे, बुटके. रहीमभाई गोरे, ताडमाड. दोघांनी सारखा हिरवा फेटा बांधला की झाले जुळे. बायकोचं काम करनाऱ्या पैलवानाचा घोटाळा नको म्हनून फेट्याचा शेमला एकाचा डाव्या खांद्यावर, एकाचा उजव्या. तर एका वरसी गडबडीत दोघांनी उलटे सोडले. पैलवान शेमला बगून खऱ्या नवऱ्यालाच जेवायला घेऊन गेला. नाटक तिथंच संपायची येळ आली. नाना मागनं वरडले, "वयनी, मंग मला कोन जेवू घालनार?" आतून रहीमभाई म्हनले, "तू भी आ रे, भाकर भौत है." नाना हे सांगताना दोघांचे बी आवाज काढायचे.

फुडं धाराशिवच्या कॉलेजातल्या पोरांनी तेच नाटक केलं, त्यात खरे जुळे भाऊ व्हते. नाना आमाला एसटीनं घेऊन गेले, लेक माझ्या मांडीवर. येताना म्हनले, "ह्याला म्हनायचं नाटक. नाक सारखं, चाल सारखी."

म्या म्हनलं, "नाना, मला तर कोन कोनता हेच कळंना, हसू कसं येनार? तुमच्यात आमाला कळतं, फकस्त बायकोला कळत न्हाय. मजा तर त्यातच हाय."

"आठवीतनं शाळा सोडली आन मला नाटक शिकवती."

"तुमी शिकवलं म्हनून बोलते."

ते भांडन मिटलंच न्हाय. रोज चहा दिला की पुन्ना सुरू. त्या नादात लेकीच्या कपाळाला हात लावून बगायचं म्या इसरून जायची.

मंग रहीमभाई वारले. त्या जत्रंत नाना हट्टानं एकटेच दोन्ही भाऊ झाले. आत जायचे, शेमला ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर टाकून भाईर यायचे, लोकं हसायचे. पन शेवटाला भाऊ भावाला भेटतो, तिथं नाना समोर बगत नुसते उभे. कुनीतरी वरडलं, "नाना, फुडं बोला की." नाना म्हनले, "थांबा, त्याची पाळी हाय." कोन हसलं न्हाय. दुसऱ्या दिशी म्या इचारलं, दुसरा मानूस का न्हाय घेतला. म्हनले, "सोंग कोनीबी घेईल पोरी. मला त्याच्याकडं बगून हसू आलं पायजे ना."

परवा भाऊ न्यायला आला. चहा प्याला, म्हनला, "आवर ताई, बस जाईल." म्या म्हनलं, हंगाम सरंपतोर न्हाय येत. "येडी हायस का, भेतीस की तू," म्हनला. भेते तर. ह्या चार वळी लिहिताना बी उठून लेकीचं कपाळ बगून आले. पन भूमला नानांचं नाटकाबद्दलचं म्हननं कुनालाच म्हाईत न्हाय.

आता दुपारी लेकीला घेऊन म्याच वट्यावर बसते आन तेच नाटकाचं भांडन काढते. माझं म्हननं सोपं हाय, ते पाठच हाय. मंग नानांच्या वतीनं बोलाया लागतं, खरे जुळेच चांगले, नाक सारखं, चाल सारखी... मला ते आजून पटत न्हाय. तरी बी जोर लावून बोलते, त्यांची बाजू पडू देत न्हाय.