कच्चा टाका

देवरीच्या उभ्या बाजारात असा एकही माणूस नसेल, ज्याला आमच्या टेलरभाऊंनी एकदा तरी 'परवा या' म्हणून परत पाठवलं नाही. त्यांनी नवरदेवालाही सोडलं नाही. मी तिथल्या शाळेत मास्तर, त्यांच्या दुकानामागच्याच खोलीत राहायचो, तरी माझी एक करडी पॅन्ट कित्येक वर्षं त्यांच्या खुंटीवर लटकत होती. 'ट्रायल' हा त्यांचा लाडका शब्द. कपडा आधी पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा आणि मान तिरकी करून म्हणायचं, "अजून बसली नाही जी. परवा या." जगातल्या कुठल्याही गोष्टीची पारख ते टाक्यांवरून करत. एका लग्नात नवरीला आशीर्वाद देता देता त्यांनी तिच्या बापाच्या कोटाची बाही उलटी करून पाहिली आणि भर मांडवात विचारलं, "कोनं खराब केला बाप्पा हा कपडा?"

असा हा माणूस एका सकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, दुखून तं काही नाही रायलं, पन लघवी लाल होऊन रायली." कधीपासून? तर महिना झाला! स्वतःलाही ते 'परवा पाहू' म्हणत आले होते. मी असा भडकलो की वहिनी आतून धावत आल्या. गोंदियाला सोनोग्राफी झाली, मग बसने नागपूर. तिथले डॉक्टर म्हणाले, मूत्राशयात बारीकशी गाठ आहे, दिसते कॅन्सरचीच, पण वेळेत सापडली.  टेलरभाऊंनी एवढंच विचारलं, "टाके किती पडतीन?" डॉक्टर हसले. म्हणाले, पोट फाडायचंच नाही. कमरेखालचं बधिर करायचं, लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालायची आणि गाठ खरवडून काढायची. टाका एकही नाही. कॅन्सर ऐकून न उतरलेलं त्यांचं तोंड हे ऐकून उतरलं.

ऑपरेशन तासाभरात आटोपलं. मग नळी आली, पिशवी आली, आणि रक्त आत साचू नये म्हणून बाटलीतलं पाणी एकसारखं आत जाऊन बाहेर येऊ लागलं. ते लाल पाणी पाहून मला घेरी यायची. टेलरभाऊ मात्र पिशवीकडे दोऱ्याच्या रिळांच्या कपाटाकडे पाहावं तसे पाहत. सिस्टरने विचारलं, "आज कसं आहे?" तर म्हणाले, "कालच्या मरूनचा आज रानी कलर झाला. उद्या गुलाबीवर येते." आणि तिसऱ्या दिवशी खरंच गुलाबीवर आलं. नळी निघाल्यावर जळजळ झाली, तेव्हा डॉक्टरांचा उद्धार झाला. भरपूर पाणी प्या, काही आठवडे जड उचलू नका, मशीनचं पायडल मारू नका, पुन्हा रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या तर तडक या, असं सांगून त्यांना घरी सोडलं. पुढे तपासणीचा कागद आला: दुखणं फक्त आतल्या अस्तरात होतं. "म्हंजे मूळ कपडा साबूत हाये!" असं ते जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून सांगत होते.

खरा घोळ पुढेच झाला. हे दुखणं परत उगवायची खोड असलेलं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहावं लागणार होतं. टेलरभाऊ अडून बसले. "टाके असते, तं काढाले गेलो असतो. टाकाच नाही, तं जाऊ कायले?" तारीख आली नि गेली. वहिनी डोळ्यांना पदर लावून माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. उत्तर एकच, "परवा जाऊ." तेव्हा मी, मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, सरळ खोटं बोललो.

"टेलरभाऊ, आत टाका आहे. एकच आहे. कच्चा."

त्यांचा हात मशीनच्या चाकावर थांबला. "कच्चा?"

"कच्चा. तो बसला की नाही ते ट्रायलला पाहावं लागतं."

"मंग पयलेच सांगाचं ना जी! कच्च्या टाक्यावर कपडा घरी न्याचा असते का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरच्या बसमध्ये होतो. त्या खेपेला पुन्हा एक दाण्याएवढी गाठ सापडली, ती लगेच काढली. गेलो नसतो तर, हा विचार मी आजही पुरता करत नाही. मग मात्र दर वेळी आतून स्वच्छ. तारीख एकदाही चुकली नाही, आणि सगळ्या देवरीला फेऱ्या घालायला लावणारा हा माणूस दवाखान्याच्या बाकावर हातात चिठ्ठी घेऊन मुकाट बसायचा. मला बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू?

चार-पाच वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी टेलरभाऊंनी खुंटीवरून करडी पॅन्ट काढली, घडी घालून हातात दिली. शिवून तयार! मी थक्क. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, आत टाका नव्हता, मले मालूम होतं. आपरेशनच्या वक्ती मी जागाच होतो ना. टीव्हीवर सारं दिसत होतं."

"मग आलात कशाला?"

"तुमच्यासारखा मानूस खोटं बोलून रायला, म्हटलं, गोष्ट मोठीच असन."

 खोलीवर येऊन पॅन्ट उलगडली, तर एका पायाच्या दुमडीत पांढऱ्या दोऱ्याचा एक कच्चा टाका तसाच राहिलेला. परत जाऊन दाखवला. "तो काढू नका," ते म्हणाले. "मले नागपूरले जा लागते, तं तुमीही येत जा."

गेल्या दिवाळीत गेलो होतो. त्यांचे केस सगळे पांढरे झालेत, सुईत दोरा आता वहिनी ओवून देतात. त्यांनी चष्मा वर करून माझी दुमडी निरखली, मान तिरकी केली. "अजून कच्चाच हाये जी. परवा या."

येतो म्हटलं.