कमरेची पकड आणि बाजारातला गाळा

संस्थाने विलीन झाली त्या हिवाळ्यात मी सांगलीच्या एका साप्ताहिकाला मिरजेच्या बातम्या पुरवत असे. स्टेशनापलीकडे सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छोटी छावणी होती. त्यांनी गावात मिसळावे, धंद्याला लागावे, म्हणून सरकारने अनुदान दिले होते. अट एकच. महिनाअखेरीपर्यंत गावात जागा दाखवायची, मग कापडाच्या गाठींसाठी रक्कम मिळणार. जागा नसेल तर रक्कम सरकारात परत.

छावणीतल्या एका कापडव्यापाऱ्याने सगळा बाजार पालथा घातला. रिकामा गाळा एकच होता आणि तो तालमीच्या वस्तादांचा होता.

"आवं शेटजी, मानूस तुमी लय चांगलं," वस्ताद म्हणाले. "पर आज हितं, उद्या ममईला. तुमी गेल्यावर मी काय कुलपाची राखन करत बसू?"

भाडेही सरकारच देणार आहे, हे सांगूनही वस्ताद बधले नाहीत.

मामलेदारांकडे याच अनुदानात लोकांचा परस्पर परिचय घडवण्यासाठी थोडे पैसे होते. त्यांनी आधी भाषण आणि चहापान ठेवले. गावातून कोणी फिरकले नाही. चहा छावणीनेच संपवला. मग मामलेदारांना कोणीतरी शहाणपणाचा सल्ला दिला आणि त्यांनी कुस्तीचे मैदान जाहीर केले. या वेळी झाडांवरही जागा उरली नाही.

व्यापाऱ्याचा थोरला मुलगा सिंधमध्ये कुस्त्या खेळलेला होता. त्याची जोड वस्तादांच्या एका पठ्ठ्याशी लागली. व्यापारी माझ्या शेजारी बसला होता. मुलगा जिंकला तर वस्ताद खूश होतील आणि गाळा मिळेल, असा त्याचा हिशेब होता. पठ्ठ्या कोणाचा, हे त्याने विचारात घेतले नव्हते.

हलगी वाजली. मुलाने वाकून दोन्ही हातांनी पठ्ठ्याची कंबर आवळली. मागचा एक शेतकरी ओरडला, "आरं गड्या, ही कुस्ती हाय का गळाभेट?" हशा थांबायच्या आत मुलाने पठ्ठ्याला उचलून कुशीवर आपटले. मग हात झटकले, बापाकडे पाहून हसला आणि पठ्ठ्याला उठवायला हात पुढे केला.

पठ्ठ्याने तो हात धरला, खेचला आणि मुलाची पाठ मातीला लावली.

एकच आरोळी उठली. पंचाने पठ्ठ्याचा हात वर केला. मुलगा मात्र कुस्तीच्या मातीच्या हौदातून बाहेर येईना. सिंधमध्ये कमरेला धरून जमिनीवर पाडले की कुस्ती संपते. पाठ टेकायची गरज नसते. हे तो पंचाला हिंदीत सांगत होता. पंच त्याला मराठीत आपला नियम सांगत होता. दोघांचेही आवाज चढले. हलगीवाला थकून बसला. पुढची जोडी अंगाला माती लावून ताटकळली.

"गई दुकान," व्यापारी पुटपुटला आणि मुलाला ओढायला उठला. पलीकडे बसलेल्या वस्तादांनी त्याला हाताने खाली बसवले.

"भांडू द्या त्याला."

"वस्तादजी, बच्चा है. माफ करना."

"माफी कशापायी? पळून जानारा मानूस पंचासंगं भांडत न्हाई, शेटजी. ह्यो ऱ्हानार." वस्ताद हौदाकडे बघत राहिले. "उद्या किल्ली न्या. पर पोरगं रोज पहाटं तालमीत पायजे. पाठ कशी लावत्यात त्ये शिकंल, आन् ती कमरंची पकड आमच्या पोरास्नी शिकवंल."

गाळा मिळाला होता. व्यापाऱ्याने हात जोडले. पण लगेच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पहाटे तालीम," तो मला म्हणाला, "तो सुबह दुकान कौन खोलेगा?"