आमच्या गल्लीतले रेल्वेफाटक

आमच्या नागभीडच्या गल्लीतून रेल्वे जात नाही. तरीही गेले वर्षभर तिथे रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फाटक पडते, आणि गाडी गेल्याशिवाय ते उघडत नाही.

या फाटकाला माझा अहंकार कारणीभूत आहे.

बाबा छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, फाटकवाले होते. माझ्या बालपणाला त्या फाटकाचाच वास आहे: तापलेल्या रुळांचा, कंदिलातल्या रॉकेलचा, आणि चैत्रात पलीकडच्या झाडांखाली गळून पडलेल्या मोहफुलांचा, गोड आणि किंचित आंबूस. लांबून शिट्टी आली की बाबा चाक फिरवत, दांडा झोके घेत खाली येई, आणि बैलगाड्या, सायकली, एकदा तर साक्षात तहसीलदारांची जीप त्यांच्यापुढे निमूट उभी राही. जगाला थांबवू शकणारा माणूस आपला बाप आहे, याचा मला केवढा गर्व होता.

आता ती छोटी लाइन नाही, ते फाटक नाही. बाबांच्या मनातून मात्र बाकी सारे ओसरत गेले आणि फाटक तेवढे उरले. आई गेली हे ते विसरले, आपण जेवलो हे विसरले, मी त्यांची मुलगी हेही अधूनमधून विसरू लागले. पण चार वाजले की चपला शोधत.

"बाबा, कुठी निघाले?"

"ड्यूटीवर. चार-दहाची येऊन राह्यली."

"तुम्ही रिटायर झाले न. फाटक नाई आता तिथी."

"मंग गाडी कोन पास करन? तू?"

मी कॉलेजात कविता शिकवते. कल्पनेचे सत्य या विषयावर सलग दोन तास बोलू शकते. घरी मात्र एका म्हाताऱ्याची कल्पना मोडून काढण्यासाठी मी त्याच्यापुढे निवृत्तीचा कागद नाचवत असे. (बाबांनी तो दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि "कोनाचा हाय हा? देऊन टाक त्याचा त्याले," म्हणून परत केला.)

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते: वाद घालू नका, हाताला काम द्या, आणि शेजाऱ्यांना आजार सांगून ठेवा. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या नाहीत. तिसरी मी जमू दिली नाही. जीप थांबवणाऱ्या माझ्या बापाला गल्लीने 'बिचारा' म्हणावे, हे मला सोसणारे नव्हते. समोरच्या शेवंताबाई दिवसभर ओट्यावर बांबूच्या टोपल्या विणत बसतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांना मी आधीच सांगून टाकले, "बाबा रोज फिराले जातात. डॉक्टरनं सांगितलं हाये."

मग एका दुपारी वह्या तपासता तपासता माझा डोळा लागला. जागी झाले तो दार उघडे, चपला नाहीत, आणि माझ्या हिरव्या रेशमी साडीचा ब्लाउजपीसही नाही. मी अनवाणीच बाहेर धावले.

"शेवंताबाई, बाबा दिसले का?"

"दिसले न. मस्त फिराले चालले होते, हातात हिरवं फडकं घेऊन. मी म्हटलं, या भाऊ जाऊन."

"कुठी गेले?"

"मोठ्या लाइनीकडं."

बाबा खऱ्याखुऱ्या रुळांपासून चार हातांवर ताठ उभे होते आणि समोरून मालगाडी येत होती. पायांखालची खडी थरथरू लागली. मी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "मागं सरका, बाई." आणि ब्लाउजपीस उंच धरला. (त्यावर जरीचे मोर होते. इतकी देखणी झेंडी रेल्वेला कुणी दाखवली नसेल.) शेवटच्या डब्यातल्या गार्डने उलट हिरवी झेंडी दाखवली. बाबा प्रसन्न झाले. मी तिथेच खडीवर बसले.

आम्ही परतलो तेव्हा शेवंताबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाबांकडे पाहिले, माझ्या रक्ताळलेल्या पायांकडे पाहिले.

"भाऊले इसर पडते, हे मले काऊन नाई सांगितलं?"

मी वाकून तळव्यात रुतलेली खडी काढू लागले.

"हात धरून बसवलं नसतं का मी त्याईले? तुह्या इज्जतीपायी गाडीखाली गेले असते न भाऊ."

इतक्या थोड्या शब्दांत माझे समीक्षण आजवर कुणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या एक लांबलचक बांबू खांद्यावर घेऊन आल्या. "भाऊ फाटकाकडं जाऊन राह्यले न? मंग फाटकच इथी आनू." सागाच्या दोन खुंटांमध्ये बांबू बसला, जाड टोकाला वजन म्हणून जात्याची तळी बांधली गेली. गेरू आणि चुन्याचे पट्टे मी ओढले. (ते वाकडे आहेत. माझा हात वृत्त-छंदात चांगला आहे, रंगात नाही.) बाबांनी दांडा एकदा खाली घेतला, एकदा वर सोडला, आणि म्हणाले, "तेल पायजे."

पहिल्या दिवशी शेळ्या अडल्या, दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर, आणि तिसऱ्या दिवशी वरात.

गल्लीच्या टोकाला विहारात भंतेजी खोळंबले होते. बँड जोरात होता. बाबांनी दांडा पाडला.

"काका, गाडी कुठी हाये?" बँडवाल्याने विचारले.

"येऊन राह्यली."

बँड आपोआप थांबला. बाबांनी मोरांची झेंडी धरली आणि त्यांची नजर डावीकडून उजवीकडे, एकेक डबा मोजल्यासारखी, सावकाश सरकू लागली. तिच्यामागून अख्खी वरात पाहू लागली. त्या क्षणी मला मोहफुलांचा वास आला, असे लिहायचा मोह होतो. वास बँडवाल्यांच्या घामाचा होता. माझे डोळे तरीही भरून आले.

नवरदेवाने हळूच विचारले, "गेली का?"

"दिसून नाई राह्यली का तुले?" शेवंताबाई ओट्यावरून ओरडल्या. "शेवटचा डबा राह्यला न अजून."

नवरदेव थांबला. डबा गेला. फाटक उघडले.

तेव्हापासून चार ते पाच शेवंताबाई आपल्या टोपल्या घेऊन फाटकापाशी बसतात, त्या नसल्या तर गल्लीतले आणखी कुणी. जाता-येता लोक म्हणतात, "जयभीम, फाटकवाले." त्या एका तासात मी झोपते. त्याआधी कित्येक महिने जमले नव्हते तशी, निर्धास्त.

गेल्या आठवड्यात मात्र मला साडेचारची मीटिंग होती, आणि दांडा नेमका माझ्या स्कूटीपुढे पडला.

"बाबा, सोडा न. उशीर होऊन राह्यला."

"तुम्ही कोन, बाई?"

"मास्तरीन," मी कसेबसे म्हटले.

"मास्तरीन असून नियम नाई समजत? माही पोरगी पाहा. एवढुशी होती तरी फाटक पडलं का गुमान उभी राहे."

मी गुमान उभी राहिले. ती गाडी, का कोण जाणे, फार लांब होती.

प्राचार्यांनी उशिराचे कारण लेखी मागितले. मी लिहून दिले, 'रेल्वेफाटक बंद असल्यामुळे.' त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमच्या गल्लीतून कोणती गाडी जाते?"

"चार-दहाची, सर," निवृत्तीचा कागद नाचवणाऱ्या बाईने सांगितले. "त्या दिवशी जरा लेट होती."