एकतीस मांडव, तुटक रेषेत

विल्मा गुम्बानला पुन्ता लिबास या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात लहानथोर सगळे ‘मानांग विल्मा’ म्हणायचे. मानांग म्हणजे थोरली बहीण. ती कुणाची खरी थोरली बहीण नव्हती. घरात ती शेंडेफळ. पण तिच्याशी बोलताना माणूस आपोआप धाकटा व्हायचा.

होफिलेन्या इंजिनिअरांच्या ऑफिसात ती एकोणतीस वर्षं नकाशे काढत होती. मी तिथला मोजणीदार. मी शेताबांधावरून, किनाऱ्यावरून मापं आणायची आणि तिनं त्यांचा नकाशा करायचा, असं आमचं नऊ वर्षं चाललं होतं. माझ्या वहीतला एखादा आकडा पुसट असला, तर अंदाजानं भरणं तिला माहीत नव्हतं. ती मला उन्हात परत पाठवायची.

आधी ती शाईच्या पेननं, हातानं नकाशे काढायची. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. इंजिनिअरांना वाटलं होतं, ही काही टिकत नाही. पहिल्याच महिन्यात घोटाळाही झाला. एका दातांच्या दवाखान्याचा नकाशा होता. पाडायच्या भिंती तुटक रेषेनं दाखवतात आणि राहणाऱ्या सलग रेषेनं, ही आमच्या धंद्यातली रीत. विल्मानं भिंत तुटक काढली, पण त्या रेषेचं प्रमाण कागदाच्या प्रमाणाशी जुळलं नाही. तुकडे इतके बारीक झाले की छापल्यावर रेष सलग दिसली. गवंड्यानं भिंत ठेवली. रोगी एका खोलीत आणि खुर्ची दुसऱ्या खोलीत, असा दवाखाना तयार झाला.

इंजिनिअर म्हणाले, कॉम्प्युटरची चूक. विल्मा म्हणाली, नाही, माझी. मग आठवडाभर कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी शेजारी घेऊन ती बसली, ते रेषेचं प्रमाण नेमकं कळेपर्यंत. तेव्हापासून छापून आलेल्या प्रत्येक नकाशावर ती पट्टी ठेवायची. तीन मिलिमीटरचा तुकडा, दीड मिलिमीटरची फट. कोपऱ्यावर नेमकी फट आली तर कागद बाद. कॉलेजातून नवे आलेले इंजिनिअर हसायचे. ती त्यांना म्हणायची, “कोपरा उघडा ठेवलास. तुझ्या घराला कोपरे नाहीत का?”

मग किनाऱ्याचा रस्ता आला. समुद्राला बांध घालायचा, त्यावरून रुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एका कंपनीचं हॉटेल. मोजणी मीच केली. त्या पट्ट्यात सुकट वाळवणाऱ्या बायकांचे मांडव होते, बांबूचे, निपाच्या झावळ्यांनी शाकारलेले. एकूण एकतीस. मी सगळे मोजले. तेओफिला नावाची म्हातारी, सगळ्या गावाची नानाय म्हणजे आई, माझ्यामागून काठी टेकत हिंडली आणि कुठला मांडव कुणाचा ते सांगत गेली. मी नावंही लिहून घेतली.

विल्मानं एकतीस मांडव तुटक रेषेत काढले. पाडायचे म्हणून तुटक. इंजिनिअर होफिलेन्यांनी नकाशा पाहिला आणि दार लावून घेतलं. मी आतच होतो.

कंपनीला जागा मोकळी दिसायला हवी होती. नकाशात मांडव असले, तर पाडण्याआधी त्या बायकांना दुसरीकडे जागा देणं भाग होतं. मांडव नसले, तर प्रश्नच नव्हता. हे इंजिनिअरांनी सरळ सांगितलं नाही. ते म्हणाले, मांडव पुसू नकोस. कॉम्प्युटरमध्ये नकाशा एकावर एक ठेवलेल्या थरांचा असतो; मांडव ज्या थरावर आहेत, तो थर फक्त छापला जाणार नाही असं कर.

“खोटं काहीच नाही ना, विल्मा? रेषा फाईलमध्ये आहेतच.”

“फाईल कोण बघतंय, इंजिनिअर? बायका कागद बघणार.”

“तसेही पाडायचेच आहेत ते.”

“म्हणून तर तुटक काढलेत. पाडा की. पण जे पाडायचं, ते आधी होतं म्हणून तरी लिहा.”

इंजिनिअरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. माझ्या बायकोला सहावा महिना लागला होता, आणि मला नोकरी हवी होती. हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. त्यात दम नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

विल्मानं तो थर बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांनी स्वतः बंद केला आणि नकाशा छापून पाठवला.

गावाची सभा बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याखाली भरली. नकाशा फळ्यावर लावला होता, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा. कंपनीच्या माणसानं छडी फिरवून सांगितलं, हा समुद्र, हा बांध, ही मोकळी जागा. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नानाय तेओफिला उठून म्हणाली, त्या जागेवर माझ्या आईनंही मासे वाळवलेत. तो माणूस अगदी आदबीनं म्हणाला, “नानाय, नकाशात तसं काही नाही.”

मी तिसऱ्या रांगेत होतो. विल्मा माझ्या पुढं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ‘नकाशा काढणार’ या चौकटीत तिचीच आद्याक्षरं होती, ती तिला तिथून दिसत होती. ती उठली, पर्समधून पट्टी आणि जाड पेन्सिल काढली आणि फळ्यापाशी गेली. कुणाला वाटलं, काही दुरुस्ती असेल. तिला कुणी अडवलं नाही.

तिनं पट्टी लावली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. तुकडा, फट, तुकडा, फट. पहिला मांडव झाला. इंजिनिअर होफिलेन्या धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, विल्मा, हा सरकारी कागद आहे.

“याच्यावर माझं नाव आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “अर्धा नकाशा मी काढत नाही.” मग ती बायकांकडे वळली. “हा नानाय तेओफिलाचा. पुढचा कुणाचा?”

एक बाई बोलली. मग दुसरी. विल्मा रेघा ओढत होती, पण मापं पाठ नव्हती, म्हणून चौथ्या मांडवाला ती थबकली. न वळताच तिनं विचारलं, “लांबी किती?”

प्रश्न कुणाला आहे, हे मला माहीत होतं. वही पिशवीतच होती. मी उभा राहिलो आणि वाचलं, “सहा मीटर चाळीस. रुंदी तीन दहा.”

पाऊण तास लागला. कंपनीचा माणूस मध्येच निघून गेला. एकतीस मांडव झाले. सभेची नोंद लिहिणाऱ्यानं तो नकाशा, पेन्सिलीसकट, कागदपत्रांना जोडला. नाही म्हणायची सोय त्याला राहिली नव्हती. त्याची मावशी सतरा नंबरच्या मांडवातली.

मांडव वाचले नाहीत. बांध झाला, रस्ता झाला. पण पाडण्याआधी एकतीसजणींना बांधाच्या आतल्या बाजूला जागा मिळाली. ऊन तिथं कमी, वारा त्याहून कमी. बायका अजून कुरकुरतात, आणि बरोबरच करतात.

विल्माला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. मला महिनाभरानं. मी पुढं कालव्यांच्या मोजणीवर लागलो. ती बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसली. लोकांची घरं, गोठे, चर्चची नवी न्हाणीघरं, जे येईल त्याचे नकाशे काढायची. दीड वर्षानं इंजिनिअर होफिलेन्या स्वतः तिच्याकडे गेले. नव्या पोरांच्या तुटक रेषा छापल्यावर सलग येत होत्या, आणि एका शाळेचा जिना चुकला होता. विल्मानं त्यांना कॉफी दिली, जिन्याचा कागद बघून दिला, चूक कुठं आहे ते दाखवलं. परत ये, म्हणाले तेव्हा तिनं नाही म्हटलं.

त्यांनी विचारलं, अजून राग आहे का.

“आहे,” विल्मा म्हणाली. “साखर घ्या.”