माहेरचं नाव, सासरचं नाव

“या खेपेला माहेरचं नाव लावायचं की सासरचं?”

कंत्राटदाराच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या खोलीत मी मावशीच्या मागे उभी होते. मागच्या खेपेला सासरचं होतं, असं ती म्हणाली. त्याने माहेरचं लिहिलं. रांगेतल्या कुणालाच नवल वाटलं नाही. मला वाटलं, पण मी विचारलं नाही. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे अनोळखी माणसांसमोर माझं मराठी अडखळायचं.

बसस्टॉपवर मावशीनेच सांगितलं. ती कारखान्यात वायरी जोडायच्या टेबलावर बसायची. सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे महिनाभर घरी. मग नवं नाव, नवी हजेरी, आणि टेबल तेच. दिवस सलग भरले तर कायम करावं लागेल, म्हणून ही युक्ती. चार वर्षं चालली होती. कामावर तिला कुठल्या नावाने हाक मारतात, हे मला जाणून घ्यायचं होतं. “नंबराने,” ती म्हणाली. पुरुषांचं काय करतात, असं विचारल्यावर हसली. “त्यांना दुसऱ्या कंत्राटदाराकडे पाठवतात. आम्हाला लग्नानेच दोन नावं दिलीत ना.”

हे सगळं कोण ठरवतं? रविवारी ती जेवायला आली तेव्हा मी बाबांना विचारलं. बाबा बँकेत होते. कारखाना अडचणीत होता, नवं कर्ज देताना बँकांनी कायम माणसं कमी करायला सांगितलं, आणि सरकार हल्ली अशा गोष्टींत पडत नाही, असं ते म्हणाले. उद्या ऊन पडेल म्हणावं, इतक्या सहज.

“मग दाजी, तुम्हाला ब्रेक कधी?” मावशीने विचारलं.

बाबा हसले. आईने घाईघाईने तिला वरण वाढलं. माझी इंग्रजी शाळा, आमची दवाखान्याची बिलं, बाबांचं पुढचं पेन्शन, सगळं बँकेतूनच येत होतं. मला राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळेना.

दिवाळीनंतर मावशीच्या गर्भाशयात गाठ निघाली. ऑपरेशन सरकारी कामगार विम्यातून व्हायचं होतं. तिथल्या कार्यालयातला फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून तिने मला सोबत नेलं. जाताना बजावलं की मी फक्त वाचायचं, बोलायचं तिने. नावांचं बाहेर फुटलं तर कंत्राटदार पुन्हा बोलावणार नव्हता. तिच्या पिशवीत कामगार विम्याची दोन कार्डं होती, एकेका नावाचं एकेक. दोन कार्डं म्हणजे दुप्पट हक्क, असा तिच्या टेबलावरच्या सगळ्याच बायकांचा समज. मी सह्या पाहिल्या. दोन्ही नावांची सही तिने वेगवेगळ्या वळणाची बसवली होती.

खिडकीतले साहेब वयस्कर होते, शांत. मावशीने दोन्ही कार्डं त्यांच्यापुढे सरकवली. ऑपरेशनसाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं तर गेल्या वर्षभरात ठरावीक दिवसांची हजेरी लागते, आणि या दोन्हींपैकी एकाही कार्डावर तेवढी भरत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग नावं वेगळी दिसली म्हणून कार्डांवरचे फोटो शेजारी शेजारी धरले.

“ही दुसरी कोण? बहीण का तुमची?”

मावशीने हो म्हटलं तर काम राहणार होतं, ऑपरेशन जाणार होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘नको’ नव्हतं. निदान मला तसं वाटलं. आजही पुरती खात्री नाही.

“बहीण नाही, सर. दोन्ही कार्डं हिचीच आहेत,” मी म्हणाले. “चार वर्षं ही एकाच टेबलावर काम करतेय. दोन्ही हजेऱ्या एकत्र धरा, आणि नाव बदलायला हिला कुणी लावलं, तेही लिहून घ्या.”