दारं मोडा

नऊ नोव्हेंबर, रविवार. मी इंदापूरच्या बाजाराला जायची डाळिंबं निवडत होते. तडकलेली वेगळी, डागाची वेगळी, बाकीची क्रेटमध्ये. फोन समोर टेकवून ठेवला होता आणि मधूनमधून हात पुसून लोकांचे शेरे वाचत होते.

शेरे माझ्या धाकट्या बहिणीच्या गेमवरचे. ती बारामतीत राहते, कॉम्प्युटरवर गेम बनवायचं काम करते. हा तिचा स्वतःचा पहिला. लहानपणी टीव्हीला कॅसेटचं यंत्र जोडून खेळायचो तसाच, उड्या मारायचा. फक्त ह्यात लाल फ्रॉकातली एक पोरगी पाटावरून, सऱ्यांवरून उड्या मारत उसाला पाणी देत जाते.

चांगले शेरे मी भराभर वर सरकवले. "बालपण परत मिळालं." "आईला दाखवला, ती रडली." ह्यात रडण्यासारखं काय आहे? वाईट मात्र दोनदा वाचले. एका समीक्षकानं लिहिलं होतं, जुन्या आठवणींवर किती भागवणार, तिसऱ्या टप्प्यानंतर नवीन काही नाही. दुसऱ्याला नेमकी तीच जुनी उडी आवडली होती. मी अजून दुसऱ्या टप्प्यातच अडकले होते, तरी मला पहिल्या समीक्षकाचंच पटलं.

मग हा सापडला. "दारं मोडा असं सांगतात. केव्हापासून शेतातल्या घराचं दार बडवतोय, मोडतच नाही." खाली आणखी पुष्कळांनी तेच दार बडवलं होतं. मी इतकी हसले की हातातलं डाळिंब पडलं.

सरी भिजली की तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पाटाचं पाणी पुढच्या सरीत सोडायचं, ह्याला आमच्याकडं दारं मोडणं म्हणतात. घराच्या दाराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हसून झालं तरी पोटातलं दुखणं गेलं नाही. अंथुर्ण्याला माहेरी आम्ही दोघी त्या गेमसमोर बसायचो. कालव्याचं पाणी आलं की थोरली म्हणून हाक मला. मी खोरं घेऊन शेतात जायची आणि माझा उरलेला डाव ही खेळायची. खेळ तिच्या वाटणीला आला, खोरं माझ्या. आता खोरंही तिनंच नेलं आणि लोक तिला विचारतात, हे सुचलं कसं.

"काय जळतंय गं?" नवरा आतून म्हणाला.

"काय न्हाय. गॅस बंद हाय."

"मग तूच असशील."

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "आक्के, वाचलंस का? समदे दार बडवत्यात. हितली कामावरची माणसं म्हणत्यात, 'पाणी वळवा' कर. बदलू का?"

बदल म्हणायला जीभ शिवशिवत होती. गेम अगदी मिळमिळीत झाला असता. पण मग त्यात माझं म्हणावं असं काहीच उरलं नसतं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "मोडायचं कसं ते नीट दाखव की. तुझी पोरगी नुसती माती उकरती. तू कधी खोरं घेऊन दारं धरलंस?"

"तू धरू दिलंस व्हय? मागं आले की हाकलायचीस. तुला न्हाय जमायचं, जा खेळ जा, म्हणायचीस."

म्हणायची खरी. खोरं एकच होतं आणि ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

"मग आता शिकव," ती म्हणाली. "दाखव की करून."

"उद्या आमची पाण्याची पाळी हाय. बघू."

सकाळी टेम्पो क्रेट घेऊन गेला. मी नवऱ्याच्या हातात फोन दिला, पदर खोचला आणि उसात उतरले. सरी भरली तसं तिचं तोंड बुजवलं, पुढचं फोडलं, पाणी वळेपर्यंत बाजूला उभी राहिले. त्यानं सगळं नीट टिपलंय का ते पाहून घेतलं आणि बहिणीला पाठवलं. खाली लिहिलं, "पोरीचा फ्रॉक निळा कर. लाल तुझा होता."